वेस्टली रिचर्ड्सची दुनळी : घ्यावी का, आणि कितीला?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो, वय 47, खासगी कंपनीत नोकरी. आजोबा शहापूरकडचे, जंगल खात्यात कारकून होते. त्यांच्याकडून शिकाऱ्यांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो आणि जुन्या शिकारी रायफलींचं वेड तेव्हापासून लागलं. मुरबाड तालुक्यात ओळखीच्या एका घरी जुनी दुनळी रायफल आहे. घरमालक सांगतात की ती वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज कंपनीची ड्रॉपलॉक (घोड्याची यंत्रणा हाताने काढता येणारी) आहे, बोअर म्हणजे नळीचं माप .470, आणि 1910 च्या सुमारास एका संस्थानिकांनी मागवलेली. परवाना त्यांच्या वडिलांच्या नावावर होता. वडील तीन वर्षांपूर्वी वारले, रायफल घरातच कपाटात आहे. बारा लाख सांगताहेत, एक लाख टोकन लगेच हवंय. म्हणतात, लंडनच्या लिलावात अशी रायफल पन्नास-साठ लाखांना जाते, आणि शंभर वर्षं झाल्यामुळे ती अँटिक आहे, परवाना लागत नाही. माझ्याकडे कुठलाही शस्त्र परवाना नाही. मला ती चालवायची नाही, फक्त दिवाणखान्यात लावायची आहे. चार फोटो पाठवतोय. किंमत रास्त आहे का?

उत्तर

टोकन देऊ नका. दिलं असेल तर आजच लेखी मागून परत घ्या. रायफल बघायला जाणार असाल, तर ती हातात घेऊन फोटो काढून घेऊ नका, आणि ‘एकदा घरी नेऊन दाखवतो’ म्हणून गाडीच्या डिकीत तर मुळीच टाकू नका. मुरबाडहून घोडबंदर रस्त्यापर्यंतचा तेवढा प्रवाससुद्धा तुम्हाला फौजदारी खटल्यात अडकवायला पुरेसा आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 प्रमाणे बंदूक घ्यायला आणि बाळगायला, दोन्हीला परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं झाली आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर असली काय आणि खांद्यावर असली काय, कायद्याला फरक पडत नाही.

अँटिक म्हटलं की परवाना लागत नाही, हे वाक्य जुन्या बंदुकांच्या बाजारात इतकं रुळलंय की विकणारेही ते मनापासून खरं मानतात. तुमच्या ओळखीचे गृहस्थ तुम्हाला फसवायला बसलेत, असं मी म्हणणार नाही. पण कलम 45 मधली सूट नेमकी वाचा. जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, त्याला ती सूट आहे. शेवटची अट महत्त्वाची. चालू स्थितीतली .470 त्यात बसत नाही, कारण या बोअरची काडतुसं जगात आजही तयार होतात. अलीकडच्या काळात ‘क्युरिओ’ (संग्रहाच्या दुर्मिळ वस्तू) गटातल्या काही जुन्या हत्यारांना सवलत दिलेली आहे, पण एखादं हत्यार त्या गटात बसतं की नाही हे विकणाऱ्याने तोंडी ठरवायचं नसतं. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं लेखी पत्र हवं. असं पत्र तुमच्यासमोर येईपर्यंत ही रायफल परवान्याचीच समजून चाला.

आता त्या घराबद्दल, कारण खरी अडचण तुमच्याआधी त्यांची आहे. परवानाधारक वारला की त्याचा परवाना त्याच्याबरोबर संपतो. मुलाकडे स्वतःचा परवाना नसेल, तर ती रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. कलम 21 तेच सांगतं. तीन वर्षं कपाटात राहिलेली रायफल म्हणजे आज त्या घरात विनापरवाना असलेलं शस्त्र. त्यांना हे प्रेमाने सांगा, आणि वकिलामार्फत उशिराचं कारण लेखी देऊन ती जमा करायला सांगा. बरेच वारस इथेच घाबरतात. जमा केली की गेली, असं त्यांना वाटतं. तसं नाही. जमा केलेलं शस्त्र ठरलेल्या मुदतीत योग्य परवाना असलेल्या माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क वारसाला त्याच कलमाने दिलेला आहे. मुदत उलटली तर मात्र ते सरकारजमा होतं. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागण्याचीही सोय आहे, त्यासाठी बाकी वारसांची ना-हरकत लागते. म्हणजे सरळ वाट आहे, फक्त ती कपाटातून थेट तुमच्या दिवाणखान्यात जात नाही.

तुमच्या बाजूने बघू. तुम्ही कासारवडवलीत, म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. तुमचा अर्ज तिथल्या शस्त्र परवाना शाखेत जाईल. मुरबाड ग्रामीण भागात, तिथलं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. दोन कार्यालयं, दोन फायली, आणि मध्ये रायफल. अर्ज नमुना ए-1 मध्ये, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन हा ओळख क्रमांक, हे सगळं व्हायला वेळ लागतो. शिवाय कायदा रायफल आणि साधी बंदूक यांत फरक करतो. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची लांब बंदूक मागणं आणि मोठ्या बोअरची रायफल मागणं सारखं नाही. रायफलीसाठी ‘सबळ कारण’ पटवावं लागतं, आणि आजोबांच्या आठवणी हे कारण फायलीवर कितपत टिकेल, याची मला खात्री वाटत नाही. शिकार तर कारण होऊच शकत नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तो विषय संपवला. 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या, आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते.

हे सगळं किमतीच्या प्रश्नाआधी सांगितलं, कारण किंमत यातूनच ठरते.

लंडनच्या लिलावातला आकडा तुमच्या मुरबाडच्या रायफलीला लावता येत नाही. तिथे बोली लावणारा अमेरिकेतला संग्राहक असतो, आफ्रिकेत शिकारीला जाणारा असतो, विक्रेता असतो. ती रायफल कायदेशीरपणे देशाबाहेर जाऊ शकते, तिची काडतुसं दुकानात मिळतात, आणि बंदूक बनवणाऱ्या कंपनीचा कारागीर तासाभराच्या अंतरावर असतो. इथे गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे परवाना आहे, त्या परवान्यावर जागा रिकामी आहे, मोठ्या बोअरची मंजुरी आहे आणि वर एवढी रक्कम आहे, असा माणूस. असे किती निघतील? बाहेर पाठवायचंही मनात आणू नका. शंभर वर्षं ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी माणसाला तिची निर्यात करता येत नाही, शस्त्र कायद्याचे निर्बंध त्यावर वेगळेच. म्हणून भारतात एक उलटी गोष्ट दिसते. परदेशी बनावटीच्या बंदुकांची आयात सामान्य माणसाला अनेक वर्षं बंद असल्याने जी हत्यारं वापरता येतात त्यांना चढा भाव मिळतो, पण हत्तीच्या शिकारीसाठी घडवलेल्या भारदस्त दुनळीला, ती कितीही देखणी असली तरी, घेणारा मिळत नाही. आपल्याकडे .315 बोअरची स्पोर्टिंग रायफल इतकी का पसरली? ती इशापूरच्या कारखान्यात बनते, तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातून येतात, आणि तो बोअर लष्करी नाही. काडतूस मिळतं तिथे भाव टिकतो.

आता तुमचे फोटो. मी ते बराच वेळ मोठे करून पाहिले, आणि इथे थोडं थांबणं आवश्यक आहे.

बोअरची गोष्ट आधी, कारण ती तुमच्या बाजूची आहे. 1907 मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात .450 बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. बंडखोरांच्या हाती लष्करी रायफलींना चालणारा दारूगोळा लागू नये, असा हेतू. त्यामुळे इंग्लंडच्या बंदूककारांना भारतीय गिऱ्हाइकांसाठी जरा वेगळ्या मापाच्या नळ्या घडवाव्या लागल्या, आणि .465, .470, .476 असे बोअर पुढे आले. तेव्हा 1910 च्या आसपास एखाद्या संस्थानिकाने .470 मागवली असेल, तर ते काळाशी जुळतं. कथा खरी असण्याची ही एक शक्यता झाली. पुरावा नाही.

दुसऱ्या फोटोत दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव दिसतं. मला तिथे ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ एवढंच वाचता येतं. ‘वेस्टली’ हा शब्द नाही, पत्ताही नाही. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सच्या त्या काळच्या उत्तम रायफलींवर पूर्ण नाव असतं आणि बहुतेकदा लंडनचा 178, न्यू बाँड स्ट्रीट हा पत्ता. लिव्हरपूलला डब्ल्यू. रिचर्ड्स नावाचे खरे बंदूककारही होते, हे सांगायला हवं, म्हणजे तुम्ही लगेच निराश होणार नाही. पण त्याच नावाने बेल्जियममधल्या लिएज शहरातून स्वस्त माल ढिगाने बाहेर पडला, आणि तो मोठ्या नावाशी गोंधळ व्हावा म्हणूनच तसा कोरलेला असे.

हा गोंधळ मिटवणारा फोटो तुमच्या चारांत नाही. परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात रायफल जमा झाली की त्याला पुढचा लाकडी भाग काढून नळ्या उतरवायला सांगा आणि त्या उलट्या करायला सांगा. पाठच्या टोकाला, जिथे नळ्या रायफलीच्या देहावर बसतात, तिथे दोन सपाट जागा असतात. वर कोणी पॉलिश मारो, नाव कोरो, या सपाट जागांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. चाचणीघराचे शिक्के तिथेच असतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जास्त दाबाने उडवून तपासणं बंधनकारक होतं, बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 चं. मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरं दिसली तर बर्मिंगहॅम. मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जीपी दिसली तर लंडन. 1904 नंतरच्या धूरविरहित दारूसाठी एनपी असा वेगळा शिक्का, आणि अशा दारूच्या रायफलीवर कॉर्डाइट (हीच धूरविरहित दारू) किती ग्रेन आणि गोळी किती ग्रेन, म्हणजे त्यांची वजनं, तेही कोरलेलं सापडतं. याउलट अंडाकृती चौकटीत ईएलजी ही अक्षरं आणि खाली तारा दिसला, तर ती लिएजची. मग बारा लाखांचा विषय तिथेच संपतो.

ड्रॉपलॉक ही ओळख तर आणखी सोपी आहे. या रचनेचा पेटंट 1897 चा. रायफलीच्या देहाच्या तळाशी बिजागरीची एक पट्टी असते, ती उघडली की आतली दोन्ही कुलपं, म्हणजे घोडा पाडणारी यंत्रणा, कुठल्याही अवजाराशिवाय बोटांनी बाहेर येते. जंगलात एक बिघडलं तर दुसरं बसवता यावं, यासाठी हे केलं होतं, आणि काही संचांबरोबर कुलपांची जादा जोडी पेटीत येई. तुमच्या तिसऱ्या फोटोत तळाचा थोडा भाग दिसतो. तिथे मला बिजागरी दिसत नाही, साधे स्क्रू दिसतात. फोटो तिरका आहे, म्हणून शेवटचा शब्द मी उच्चारत नाही. पण मन घट्ट ठेवा.

त्या स्क्रूंकडेच पुन्हा बघा. उत्तम इंग्रजी कामात सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत येतात, कारागीर त्यासाठी प्रत्येक स्क्रू वेगळा घासत. तुमच्या फोटोत एक खाच तिरकी आहे आणि तिच्या कडा चुरगळल्या आहेत. म्हणजे कोणीतरी साध्या पेचकसने ती उघडली आहे. एकदा उघडली की आत काय बदललं, हा प्रश्न येतो. नळ्या, देह आणि पुढचा लाकडी भाग, तिन्हीवर एकच अनुक्रमांक हवा. दस्त्याच्या टोकाला लाल रबर आहे, त्यावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. त्या काळी ‘सिल्व्हर’ नावाच्या पद्धतीचं, धक्का झेलणारं लाल रबर मूळातच बसवून येई. नंतर बसवलं असेल तर लाकूड कापल्याची खूण राहते आणि दस्त्याची ठेवण आखूड वाटते.

दुनळीची किंमत तिच्या सोन्याच्या पट्टीत किंवा वाघाच्या नक्षीत नसते. दोन्ही नळ्यांनी एकाच जागी गोळी टाकावी म्हणून कारागीर त्या मधल्या पट्टीला झाळून (वितळलेल्या धातूने जोडून), उडवून, पुन्हा वितळवून, पुन्हा झाळून जुळवत असे. एका ठरावीक काडतुसासाठीच ती जुळणी असते. नळी पुढून कापली, पट्टी उखडून पुन्हा झाळली, किंवा काडतूस मिळेना म्हणून बोअर बदलला, की ती जुळणी गेली, आणि रायफलीचा प्राणच गेला. आपल्याकडे काडतुसांच्या टंचाईत असे बदल खूप झालेत. म्हणून नळीचं तोंड बघा, दोन्ही नळ्यांमधून पांढऱ्या भिंतीकडे बघा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार दिसताहेत की आत काळे खड्डे आहेत? जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत राहत, आणि पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत न धुतलेल्या नळीला गंज धरायला फार वेळ लागत नसे. मग रायफल मिटवून दिव्यासमोर धरायला सांगा. नळ्यांचं पाठचं तोंड आणि देह यांच्यामधून उजेडाची चीर दिसली, तर सांधा सैल झालाय. वरचा खटका, म्हणजे रायफल उघडायची कळ, मिटल्यावर मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे राहिला तर झीज कमी, डावीकडे गेला असेल तर खूप वापरलेली. दस्त्याच्या मनगटापाशी, देहाच्या मागे, केसासारखी बारीक भेग आहे का तेही बघा, मोठ्या बोअरचा धक्का लाकडाला तिथे लागतो.

संस्थानिकांची गोष्ट किमतीत धरायची असेल तर तिला कागद हवा. जिम कॉर्बेट यांना चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये भेट मिळालेली .275 रिग्बी रायफल आज एवढी मोलाची आहे, कारण रायफलीवरचा मजकूर, कंपनीच्या वहीतली नोंद आणि मालकीचा प्रवास, तिन्ही एकमेकांशी जुळतात. वेस्टली रिचर्ड्सच्या जुन्या नोंदवह्याही आहेत. अनुक्रमांक पाठवला तर ती रायफल कधी, कोणत्या बोअरमध्ये, कोणासाठी बनली याची माहिती कंपनीकडे मागता येते. हे पत्र आलं आणि जुळलं, तर बारा लाखांवर बसून बोलता येईल. तोवर ‘संस्थानिकांची’ या शब्दाला एक रुपयाही जादा देऊ नका. आणि नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवरचा पांढरा मणी किंवा दस्त्यावरची पांढरी नक्षी हस्तिदंताची आहे का, ते आधी विचारून घ्या. हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायद्याचा वेगळा त्रास मागे लागतो.

माझं मत विचारलंत, तर आजच्या स्थितीत या रायफलीची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे, कारण ती तुम्ही कायदेशीरपणे घेऊच शकत नाही. ती जमा झाली, शिक्के आणि अनुक्रमांक जुळले, तुम्हाला परवाना मिळाला, तर पुन्हा लिहा, फोटो नळ्यांच्या खालच्या बाजूचे पाठवा. आणि तेव्हाही दिवाणखान्याची भिंत नको. परवान्याचं शस्त्र कुलूपबंद ठेवावं लागतं, घरात मुलं असतील तर ते आणखीच. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करण्याची वेळ येते आणि तिथे तेलाचा हात कोण फिरवणार, याचाही विचार करा.

तुमचं वेड मात्र खरं आहे, आणि ते जपायला रायफलच लागते असं नाही. ओक लाकडाची आणि चामड्याची रायफलीची जुनी रिकामी पेटी, आत बंदूककाराचं छापील लेबल, पितळी तेलदाणी, साफसफाईचा गज, एबनीच्या मुठीचे पेचकस, कंपन्यांची जुनी सूचिपत्रकं, हे सगळं परवान्याशिवाय जमवता येतं आणि मुंबईच्या चोर बाजारापासून जुन्या वाड्यांच्या माळ्यांपर्यंत अजून सापडतं. मँटन किंवा रॉडा या कलकत्त्याच्या जुन्या बंदूक दुकानांचं लेबल असलेली पेटी मिळाली, तर ती भिंतीवरच्या रायफलीपेक्षा भारताची शिकारी-गोष्ट जास्त सांगते. अस्सल रायफली डोळे भरून पाहायच्या असतील तर कोल्हापूरला न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जा.

मुरबाडला फोन करताना एवढंच सांगा : ‘काका, रायफल आधी वकिलाला घेऊन जमा करा, विकण्याचा हक्क तुमचाच राहील, आणि जमा केल्याची पावती दाखवलीत की मी परवान्याचा अर्ज करायचा की नाही ते ठरवतो. टोकन आत्ता देणार नाही.’ त्यांनी दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून घाई केली, तर तो व्यवहार तिथेच सोडा.